कापडी सोफ्यावरचे डाग काढणे (मराठवाडा)

कापडी सोफा, दिवाण किंवा गादीची खुर्ची यांवर पडलेला डाग कापड न उसवता, जागच्या जागी काढण्याची ही घरगुती रीत. लोड-तक्क्यांच्या बैठकीला हा प्रश्न नव्हता. अभ्रा काढला, धुतला, उन्हात टाकला की झाले. सोफ्याचे कापड चौकटीला ठोकलेले असते आणि त्याखाली फोम किंवा काथ्या असतो. तिथे मुरलेले पाणी लवकर बाहेर येत नाही. वास धरतो, पावसाळ्यात बुरशीही येते. मराठवाड्यात भर पडते ती पाण्याची. एक तर ते कमी, आणि बोअरचे असेल तर बहुधा जड. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात बादलीभर पाणी सोफ्यावर ओतायची पद्धत शिकवण्यात अर्थ नाही. त्याची गरजही नाही. एका डागाला वाटीभर पाणी पुरते.

जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेस होण्याऐवजी चिकट साका तयार होतो. तो धाग्यांत बसतो आणि काळ्या मातीची बारीक धूळ धरून ठेवतो. डाग निघतो, पण महिनाभरात तिथेच करडा पट्टा दिसू लागतो आणि दोष डागाला दिला जातो. म्हणून सोफ्याला साबणाची वडी लावू नये. भांड्यांचे लिक्विड किंवा रिठ्याचे पाणी जड पाण्यातही काम करते. मात्र रिठ्याचा रंग फिक्या कापडावर उतरू शकतो. शेवटचा हात पिण्याच्या जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा द्यावा. क्षार राहिले नाहीत तर वाळल्यावर पांढरी कडही राहत नाही.

सुतारानेच घरी बनवून दिलेल्या सोफ्यावर कापडाची माहिती देणारी चिठ्ठी सहसा नसते, त्यामुळे आधी मागच्या बाजूला खाली, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहावे. रंग सुटला तर पुढे जाऊ नये. सुटला नाही तर वाटीभर पाण्यात चमचाभर लिक्विड घुसळून फक्त वरचा फेस घ्यावा. जुन्या धोतराचे पांढरे फडके सर्वांत चांगले. रंगीत फडक्याचा रंग उतरतो. डागाच्या कडेकडून आत टिपत यावे, घासू नये. घासल्याने डाग पसरतो आणि मखमलीची लव कायमची मोडते. मग पिळलेल्या फडक्याने फेस पुसून घ्यावा आणि कोरडे फडके ठेवून वर वजन ठेवावे. हे वजन महत्त्वाचे आहे. कापड वाळताना आतले पाणी वर सरकते आणि फोममध्ये उतरलेला रंग सोबत आणते. संध्याकाळी गेलेला डाग सकाळी पुन्हा दिसतो तो यामुळे. वजनाखालचे फडके तो रंग शोषून घेते.

हळदीचा डाग सर्वांत चिवट. वसमत, हिंगोलीच्या हळदीच्या पट्ट्यात तर त्याची सवयच असते. रश्श्याचा पिवळा ठिपका साबण किंवा सोडा लागताच लालभडक होतो आणि घरात धांदल उडते. कापड बिघडलेले नसते. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत लाल होते. पाण्यात कालवलेला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टिपले की पुन्हा पिवळे दिसते. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून आधी टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्यावे, मग फेसाने टिपावे, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ उदबत्ती किंवा समई नको. रेक्झिनला ते लावूच नये. राहिलेली पिवळी झाक उन्हात जाते, कारण प्रकाशाने कर्क्युमिन तुटते. खुर्ची अंगणात किंवा गच्चीवर ठेवता आली तर हा सर्वांत चांगला उपाय. फक्त गडद रंगाचे कापड उन्हात विटते, तेवढे पाहावे.

दुधाच्या चहाचा डाग गार पाण्याने टिपावा, गरम पाण्याने दुधातले प्रथिन धाग्याला घट्ट धरते. मग एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी. रक्तालाही गारच पाणी. पाठीच्या टेकूवरचे केसांच्या तेलाचे डाग पावडर रात्रभर ठेवून हलके होतात. केशर आंब्याच्या रसाला कोमट पाणी चालते, पण साखर राहू देऊ नये, मुंग्या लागतात. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट. ब्लीच सोफ्याला वापरू नये. व्हिनेगर किंवा लिंबाशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

साफसफाई बहुतेक घरांत महालक्ष्म्यांच्या आधी निघते, म्हणजे भर भाद्रपदात, जेव्हा हवा ओली असते. मोठे काम उन्हाळ्यात किंवा दसऱ्यानंतर करावे. वाळवायला पंखा लावावा. कुलर लावायचाच असेल तर त्याचा पंप बंद ठेवावा, नाहीतर तो दमट हवाच सोफ्यावर सोडत राहतो, आणि त्यातून पाण्याचे तुषार उडत असतील तर क्षाराचे पांढरे ठिपके पडतात.

छत्रपती संभाजीनगरच्या पारंपरिक हिमरूच्या उशा मात्र या रीतीतून वगळाव्यात. त्यात सूत आणि रेशीम एकत्र विणलेले असते आणि मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात. ओल्या फडक्याने ते ओढले जातात. कोरड्या फडक्याने टिपून त्या ड्रायक्लीनिंगलाच द्याव्यात.