सवयींची नोंद

सवयींची नोंद, हल्लीच्या भाषेत हॅबिट ट्रॅकिंग, म्हणजे आपणच ठरवलेलं एखादं काम (व्यायाम, वाचन, परीक्षेचा अभ्यास, नवीन भाषा, काहीही) आज झालं का नाही याची रोज कुठेतरी खूण करून ठेवणं. वही, भिंतीवरचं कॅलेंडर, एक्सेल शीट, मोबाईलमधलं ॲप, साधन कुठलंही चालतं. पण खूण झाल्याची करायची का न झाल्याची, हा फरक किरकोळ वाटला तरी माणूस महिनाभर टिकतो का आठवड्यात गळतो ते बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

न झाल्याची खूण मराठी घरात जुनीच आहे, तिला खाडा म्हणतात. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर, खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन (जे नेमकं वेळेला चालत नाही), आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब. रोज दूध येतं ते कोणी लिहीत नाही, आलं नाही त्या दिवशी फुली, पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं तर बाजूला ‘+अर्धा’, आणि महिनाअखेरीला फुल्या मोजून पैसे वजा. कामवाल्या मावशींचे खाडे, पेपरवाल्याचे खाडे, सगळं त्याच पानावर. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या कालनिर्णयच्या कितीतरी घरांतल्या प्रती अशाच भरलेल्या असतात. पण खाड्याच्या हिशोबात काम नेहमी चालू आहे हे गृहीत असतं आणि लक्ष फक्त मोडल्यावर जातं. नव्या सवयीत चालू असं काही नसतंच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फुल्याच फुल्या दिसल्या की माणूस त्या कॅलेंडरकडे बघायचंच सोडतो.

झाल्याची मोजणीही आपल्याकडे आहे, ती जपात. माळेला १०८ मणी, मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची आणि एक माळ झाली असं धरायचं. रामनाम लिहायला चौकटी छापलेल्या वह्या मिळतात, त्याही याच प्रकारातल्या. नाशिकजवळ टाकळीला समर्थ रामदासांनी तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. यात मोजतात तो एकूण आकडा, सलग दिवस नाही, म्हणजे मधे एक दिवस राहिला तरी आधीचं शून्यावर येत नाही.

तक्ता आखून स्वतःवर नजर ठेवणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध माणूस बेंजामिन फ्रँकलिन, अमेरिकेतला छापखानावाला, पुढे मुत्सद्दी. त्याने १३ गुण ठरवले, छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिलं, लाल शाईने आठवड्याच्या सात वारांचे रकाने पाडले, आणि ज्या दिवशी चूक झाली त्या दिवशी काळा ठिपका. म्हणजे खाडाच की! एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष, अशी १३ आठवड्यांची फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडायला लागली तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंती पानांच्या वहीत उतरवला, त्यावरचं शिसपेन ओल्या स्पंजने पुसता यायचं. सगळ्यात जास्त त्रास त्याला ‘नीटनेटकेपणा’ या गुणाने दिला, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात कबूल केलंय, ते वाचून बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आजच्या ॲपमधला मुख्य प्रकार म्हणजे स्ट्रीक, सलग किती दिवस झाले तो आकडा. याने सुरुवातीला जोर येतो हे खरंच, पण पुढे भाषा शिकणं राहतं बाजूला आणि आकडा सांभाळणं हेच काम होऊन बसतं, रात्री ११:५० ला अंथरुणात पडून सगळ्यात सोपा धडा पटकन उरकणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपने तर चुकलेला दिवस झाकायला स्ट्रीक फ्रीझ अशी सोयच ठेवलीय. आणि आकडा तुटला की बहुतेक जण तिथेच ॲप सोडतात असं माझं निरीक्षण आहे, मी धरून.

खरं तर एक खाडा पडल्याने फार बिघडत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे स्वतःच निवडलेली एकेक साधी सवय लावायला सांगितली, ते संशोधन २०१० साली छापून आलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कोणाला १८ तर कोणाला (१२ आठवड्यांच्या पुढचा अंदाज हिशोबाने बांधून) २५४, आणि मधे एखादा दिवस हुकला तरी एकूण प्रगतीवर फारसा परिणाम दिसला नाही. मग ते सुप्रसिद्ध २१ दिवस कुठून आले? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे सांगता सांगता ‘कमीत कमी’ गळलं आणि चेहराही.

अभ्यासाची नोंद ठेवताना वेगळीच गोची होते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीवाली मुलं तास मोजतात, टेबलावर मोबाईलमध्ये स्टॉपवॉच चालू, चहाला उठलं की पॉज, रात्री ग्रुपवर ‘आज ११ तास ४० मिनिटं’. काही जण पोमोडोरो लावतात, २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं ब्रेक, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून काढली. पण तास म्हणजे खुर्चीत बसल्याचा हिशोब, डोक्यात काय राहिलं त्याचा नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर तर हे जास्तच जाणवतं, कारण आता उत्तर लिहावं लागतं, त्यामुळे किती तास बसलो यापेक्षा आज किती उत्तरं घड्याळ लावून लिहिली आणि कोणाकडून तपासून घेतली ही नोंद जास्त कामाची.

डोक्यात काय राहिलं याची नोंद पहिल्यांदा चिकाटीने ठेवली ती हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने, तीही स्वतःवरच. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही वेळ जाऊ द्यायचा, परत पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजायचं. १८८५ मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांत एका दिवसानंतर ही बचत साधारण एक तृतीयांशच उरलेली दिसते. यावर सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये खोक्याची युक्ती सांगितली, एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं खोक्याच्या कप्प्यांत ठेवायची, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथे ते उशिरा बघायचं, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात परत. २००६ साली आलेलं आंकी हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम कॉम्प्युटरवर करतं, नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. प्रत्येक कार्डाखाली पुन्हा, कठीण, ठीक, सोपं अशी चार बटणं, आणि आपण जे दाबू त्यावरून ते कार्ड परत कधी येणार ते ठरतं. म्हणजे नोंद करायला वेगळं बसावंच लागत नाही, अभ्यास करता करता ती होत जाते.

(हे लिहिणाऱ्याने एका जानेवारीत वहीत अकरा सवयींचा तक्ता आखला होता, तीन रंगांची पेनं आणून, नऊ तारखेपर्यंत भरला. त्यातली टिकली ती फक्त आंकी.)

तिथेही खाडा असतोच, आणि तो सावकारासारखा वसूल होतो. लग्नाला चार दिवस गावाला जाऊन आलं की समोर तीनचारशे कार्डं साचलेली. वापरणारे जुनेजाणते अशा वेळी नवीन कार्डं शून्यावर आणतात आणि रोज शंभरेक करून साचलेलं संपवतात, संपलं की नवीन परत चालू.