बाललैंगिक अत्याचार: मुलगे नोंदीत कधी आले?

१८९६ साली व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने हिस्टेरियाच्या (शारीरिक कारण न सापडणारे झटके, लुळेपणा अशा मानसिक आजाराच्या) १८ रुग्णांवर व्याख्यान दिले. लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार हेच या आजाराचे मूळ, असा त्याचा दावा होता. त्या १८ जणांत ६ पुरुष होते. पुढच्याच वर्षी फ्रॉइडने हा सिद्धांत सोडून दिला आणि ते सहा जणही विस्मरणात गेले.

मुलींचे तरी कुणी ऐकून घेत होते असे नाही, पण कायद्याला त्या दिसत होत्या. ब्रिटनने १८८५ मध्ये संमतीवय १३ वरून १६ केले, ते मुलींसाठी. त्याच कायद्याने पुरुषापुरुषांतले संबंध ‘असभ्य वर्तन’ म्हणून गुन्हा ठरवले. अशा वातावरणात एखाद्या मुलाने तोंड उघडले, तर बळी म्हणून त्याची कीव येण्याआधी संशयच येणार!

१९७० च्या दशकात स्त्रीवादी चळवळीने हा विषय घराच्या चार भिंतींबाहेर आणला. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोरने १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ७९६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली: बालपणी अत्याचार झाल्याचे सुमारे १९ टक्के तरुणींनी आणि ९ टक्के तरुणांनी सांगितले. २०११ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा हे आकडे १८ आणि ७.६ टक्के आले. मुलींना धोका जास्त, यात शंका नाही. पण हा सगळा फरक खराच आहे, असे मानणे मला धाडसाचे वाटते. मुलगे उशिरा सांगतात, कित्येकदा सांगतच नाहीत. शिवाय मुलींच्या बाबतीत अत्याचारी तुलनेने जास्त वेळा नात्यातला असतो, तर मुलग्यांच्या बाबतीत तुलनेने जास्त वेळा घराबाहेरचा, पण विश्वासातला.

प्रतिबंधाची सुरुवात शाळेतल्या ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’च्या धड्यांनी झाली. अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला. मुलांची समज वाढते, एवढे त्यातून दिसले. अत्याचार घटतात का, हे सिद्ध झाले नाही. स्वतःला वाचवण्याचे ओझे मुलावरच टाकायचे, ही मुळातच लंगडी कल्पना.

ते ओझे मोठ्यांवर सरकायला आणखी वेळ लागला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनची चर्चप्रकरणे उघड झाली: कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले आणि चर्चने दडपलेले अत्याचार. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी धर्मगुरू आणि कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी व प्रशिक्षण बंधनकारक केले. दोन वर्षांनी धर्मगुरूंच्या अत्याचारांवर त्यांनीच करवून घेतलेला अहवाल आला. त्यात नोंदल्या गेलेल्या पीडितांपैकी ८१ टक्के मुलगे होते.