‘ए१-१०४’ आणि ‘ए-११०४’: पासवर्डच्या फॉर्ममागची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात विंग आणि फ्लॅट नंबर हीच सदस्याची ओळख. वेबसाइट आली तेव्हा तोच युजरनेम झाला. गेटवरच्या रजिस्टरात कोणी बी/१२०४ लिहितं, कोणी बी १२०४. वॉचमनचं कधी अडलं नाही. पासवर्ड विसरल्यावरचा फॉर्म मात्र अक्षर न् अक्षर जुळवायचा आणि ‘असा सदस्य नाही’ म्हणून मोकळा व्हायचा. मेंटेनन्स बिलाच्या पीडीएफमधून नंबर कॉपी केला की हायफनच्या जागी लांब डॅश यायचा, मोबाइल शेवटी एक स्पेस सोडायचा, मराठी कीबोर्डवरून आकडे देवनागरी पडायचे. शेजारच्या काकूंनी तीनदा बरोबर नंबर टाकला, तिन्ही वेळा तेच उत्तर.

दुखणं जुनं आहे. १९८२ च्या ईमेल मानकाने युजरनेममधला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद जपायला सांगितलं होतं. व्यवहारात तो फारसा कोणी पाळला नाही. पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या संगणकीय मानकात, एनएफकेसी हा एकसारखेपणाचा नियम आला, पण त्याने देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे (1, 2, 3) होत नाहीत आणि लांब डॅशचा हायफनही होत नाही. ते काम साइट बनवणाऱ्यालाच करावं लागतं.

कमिटीत वाद झाला तो यावरच. सोपा प्रस्ताव होता: सगळी चिन्हं काढून टाका. पण आमच्याकडे ए आणि ए१ अशा दोन विंग आहेत. हायफन काढला की ए१-१०४ आणि ए-११०४ दोन्ही ‘ए११०४’ होतात, म्हणजे एका घराची रिसेट लिंक दुसऱ्या घरी. ही भीती पोकळ नाही. २०१३ मध्ये एका संगीतसेवेत युजरनेम एकसारखं करायला एकदा साफ केल्यावर एक निघायचं आणि दुसऱ्यांदा केल्यावर वेगळं. त्या फटीतून परक्या खात्याचा पासवर्ड बदलता येत होता. २०१९ मध्ये वेबसाइट बनवायच्या एका लोकप्रिय फ्रेमवर्कमध्ये लिंक नोंदलेल्या ईमेलऐवजी फॉर्ममध्ये टाइप केलेल्या, दिसायला सारख्या पत्त्यावर जात होती.

शेवटी ठरलं ते असं, आणि माझ्या मते तेच योग्य: स्लॅश, स्पेस, लांब डॅश या सगळ्यांचा हायफन करायचा, पण तो हायफन काढायचा नाही. लिंक फक्त नोंदलेल्या ईमेलवर. कोणी सलग ‘ए११०४’ टाकलं, तर फॉर्म अंदाज बांधत नाही, विंग विचारतो.