टायरमधलं कापड

सोलापुरी चादर घरात असेलच. तिची दोन टोकं दोघांनी धरा आणि लांबीच्या दिशेने ओढून बघा. कितीही जोर लावा, चादर दाद देत नाही. आता तिला तिरपी धरा, म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि पुन्हा ओढा. ती लांबते, मधून निमुळती होते, चौकड्यांची नक्षी कलून जाते. धागे तेच, जोर तेवढाच, बदलली ती फक्त दिशा. शिंपी गोल गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावतात ती याच गुणामुळे.

जुन्या गाडीसाठी टायर शोधणारं कुणी भेटलं की मी त्याला आधी हा प्रयोग करायला सांगतो. टायर म्हणजे रबर ही समजूत अर्धीच खरी आहे. आतल्या हवेचा ताण पेलतं ते कापड. रबर त्या कापडाला बांधून ठेवतं, जपतं आणि रस्त्याला धरतं. जुन्या धाटणीचे नवे टायर, ज्यांना बाजारात रिप्रॉडक्शन टायर म्हणतात, ते घेताना बहुतेक जण बाजूचा पांढरा पट्टा आणि नक्षी बघतात. पहिला प्रश्न आतल्या धाग्यांच्या दिशेचा असायला हवा.

आमच्या घरी 1960 च्या दशकातली फियाट 1100 आहे. वडिलांची, म्हणजे नानांची. नाना गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. मी शाळेत असताना त्यांनी एकदा गोटा झालेला, म्हणजे पार गुळगुळीत झिजलेला टायर कापून मला आतून दाखवला होता. रबराच्या दोन थरांमध्ये दोऱ्यांची दाट ओळ होती, एकाला एक लागून, सगळे एकाच दिशेने. नानांनी नखाने एक दोरा उचलला आणि म्हणाले, "बघ, यात सगळा ताणाच आहे. बाणा जवळजवळ नाहीच. असं कापड आमच्या साच्यावरून उतरलं असतं तर परत आलं असतं."

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. यात बाणा का नाही, याला कारण आहे. सुरुवातीच्या टायरमध्ये साधं उभं-आडवं विणलेलं सुती कॅनव्हास घालत. विणलेल्या कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून जातो. चाक फिरताना टायर दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, आणि त्या हालचालीत प्रत्येक गाठीवर धागे एकमेकांना करवतीसारखे कापत राहतात. 1890 च्या दशकात जॉन पामर यांनी धागे एकमेकांत न गुंतवता समांतर मांडायचे आणि त्यांच्यामध्ये रबर ठेवायचं, ही युक्ती काढली. आजही टायरच्या कापडात ताण्याचे जाड दोरे असतात, आणि कारखान्यात ते विसकटू नयेत इतपतच विरळ, बारीक बाणा असतो. दोऱ्याचा माल मात्र बदलत गेला: आधी सूत, 1930 च्या दशकाअखेरीस रेयॉन, पुढे नायलॉन, पॉलिएस्टर. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या टायरला आजही सरसकट "नायलॉन टायर" म्हणतात ते त्यामुळे.

या नायलॉन टायरचं तांत्रिक नाव क्रॉस-प्लाय. त्यात कापडाचे थर तिरपे घालतात, एक उजवीकडे कललेला, पुढचा डावीकडे कललेला. म्हणजे आपली कर्णात धरलेली चादरच. चाक रस्त्यावर टेकतं तिथे हे थर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकतात. मधलं रबर पिळवटतं आणि तापतं. शिवाय नक्षीचा भाग आणि बाजूची भिंत एकाच कापडाची असल्याने एकीला धक्का बसला की दुसरीही हलते.

मिशलिन कंपनीने 1946 साली दुसऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं आणि 1949 मध्ये ती "एक्स" नावाने विकायला आणली. हाच रेडियल. यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, म्हणून बाजूची भिंत मऊ राहते. नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा वेगळा, तो मात्र जवळजवळ लांबतच नाही. भिंत वाकते, पण टेकलेला भाग सपाट राहतो.

प्रत्यक्ष गाडीत हा फरक कसा जाणवतो, ते गाळप हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर कळतं. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्यांनी डांबरात खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. नायलॉन टायरवर फियाट चाकोरीच्या काठाला लागली की स्टिअरिंग आपोआप त्या बाजूला ओढतं, आणि ताशी साठच्या वेगाला दोन्ही हात घट्ट ठेवावे लागतात. टेकलेल्या भागाचा एक काठ उचलला गेला की ताठ भिंतीमुळे सगळा टायर त्याच्याबरोबर कलतो. रेडियल हा काठ बऱ्याच अंशी गिळून टाकतो.

दुसरा फरक वळणावर. स्टिअरिंग वळवल्यावर चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी वळते. या दोन दिशांमधल्या कोनातूनच वळवणारं बळ तयार होतं. क्रॉस-प्लायला तेवढ्याच बळासाठी मोठा कोन लागतो, रेडियलचं काम लहान कोनात होतं. म्हणून दोन्ही जाती मिसळू नयेत, एका आसावर तर कधीच नाही. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडणी सगळ्यात वाईट. पुढची चाकं झटकन वळतात, मागची तितकी धरत नाहीत, आणि तुळजापूरच्या घाटातल्या एखाद्या ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर जाते.

आता माप. फियाटच्या जुन्या टायरवर 5.20-14 लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी 5.20 इंच आणि रिम 14 इंचांची. उंची लिहिलेलीच नाही, कारण त्या काळी ती रुंदीच्या साधारण 95 टक्के असायची. 5.20 इंच म्हणजे 132 मिलिमीटर. त्याचे 95 टक्के सुमारे 125. खालून-वरून दोनदा धरून रिमच्या 356 मध्ये मिळवले की व्यास साधारण 606 मिलिमीटर येतो. रेडियलमध्ये 155/80 आर 14, म्हणजे रुंदी 155 मिलिमीटर, उंची तिच्या 80 टक्के आणि रिम 14 इंच, याचा हिशोब केला तर 604. हे जुळलं. 185/70 आर 14 चाही व्यास 615 येतो, आणि "आकार तोच आहे" म्हणून दुकानदार तो पुढे करतो. पण तो मूळ टायरपेक्षा 53 मिलिमीटरने रुंद आहे. जुन्या अरुंद रिमवर तो फुगल्यासारखा बसतो, वळवताना मडगार्डला घासू शकतो, आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. रुंद टायर म्हणजे चांगला टायर हा समज या गाड्यांच्या बाबतीत मला अजिबात मान्य नाही. कागदावरच्या मापावरही विसंबू नका. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि अंतर मोजा. 1900 मिलिमीटरच्या आसपास आलं तर स्पीडोमीटर खरं बोलेल.

रेडियल घालण्याआधी रिम नीट तपासून घ्या. ती चाकं क्रॉस-प्लायच्या बेताच्या पकडीसाठी घडवली होती. पकड वाढली की वळणावर रिमवर आणि सस्पेन्शनवर येणारा ताणही वाढतो. नटांच्या भोकांभोवती केसासारखी बारीक चीर आहे का, ते रंग खरवडून बघावं. ट्यूबही घालावी लागते, कारण टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा जुन्या रिमना नसतो. ती रेडियलसाठीचीच घ्यावी, आणि टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं आधी काढून टाकावीत. नाहीतर वाकत्या भिंतीत तीच लेबलं ट्यूब घासून पातळ करतात.

सगळ्यात जास्त जपायचं ते वयाला. नाना गेल्यावर मी एकदा एका दुकानातून "जुना स्टॉक, पण एकदम कोरा" असं सांगितलेला टायर घेतला. नक्षी खरोखर कोरी होती, वरच्या बारीक रबरी केसांसकट. मे महिन्यात पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे धपधप आवाज सुरू झाला. उतरून बघितलं तर नक्षीचा तळहाताएवढा तुकडा सालीसारखा उचलला गेला होता आणि खाली दोरे दिसत होते. सोबत घरची चार माणसं होती. टायर कोरा असणं आणि ताजा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला शिकलो.

न वापरलेला टायरही म्हातारा होतो. हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना कडक करत राहतो, आणि उष्णतेत ही क्रिया वेग घेते. ढोबळ नियम असा की दर 10 अंशांना वेग दुप्पट. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. ओझोन तर ताणलेल्या रबराच्या साखळ्या सरळ कापतो. त्यापासून बचाव म्हणून रबरात मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. टायर चालताना वाकतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पापुद्रा धरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हा पापुद्रा नवा होत नाही, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागतात. म्हणून टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2000 सालापासून ते आठवडा आणि वर्ष सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे, त्याला भिंतीवर टांगा.

याच कारणाने मी जुन्या ठेवणीतल्या मूळ टायरपेक्षा रिप्रॉडक्शन टायरच्या बाजूचा आहे. अमेरिकेत 1958 साली सुरू झालेल्या कोकर टायरसारख्या कंपन्या टायर घडवायचे जुने साचे किंवा जुनी नक्षी वापरतात, पण रबर आजचं असतं. काही टायर बाहेरून क्रॉस-प्लायसारखे दिसतात आणि आतून रेडियल असतात.

पांढऱ्या पट्ट्याबद्दल थोडंसं. पहिले टायर जवळजवळ पांढरेच होते. 1910 नंतर रबरात काजळी मिसळायला लागले, तशी झीज कितीतरी कमी झाली आणि टायर काळे झाले. पट्टा ही त्या जुन्या रंगाची खूण. 1960 च्या दशकात तो बारीक होत गेला होता, तेव्हा त्या काळातल्या फियाटला तळहाताएवढा रुंद पट्टा शोभत नाही.

गाडी मूळ रूपात राखायची असेल आणि गावातल्या गावात, फार तर अक्कलकोटपर्यंत जायची असेल, तर क्रॉस-प्लाय घ्यावा. रात्रभर उभा राहिल्याने नायलॉन एका जागी चपटा होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर चाक धडधडतं. त्याने घाबरून जाऊ नये, टायर गरम झाला की ते थांबतं. माझी गाडी पुण्याच्या महामार्गावर जाते, घरची माणसं घेऊन जाते. मी रेडियल घेतले: चार चाकं आणि स्टेपनी, पाचही एका जातीचे.

हवा मात्र सकाळी, टायर गार असतानाच बघतो. 30 अंशांना 24 पौंड भरलेला टायर तापून 60 अंशांना गेला की काटा 28 च्या जवळ जातो. तेव्हा कमी केलेली हवा रात्री कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकून जास्त तापतो. 900 किलोच्या आसपासची ही गाडी 24 पौंड हवेवर उभी असते तेव्हा प्रत्येक चाक जमिनीला जेमतेम एका पोस्टकार्डाएवढं टेकलेलं असतं. गेल्या नवरात्रात तुळजापूरला घाट चढून गेल्यावर मी चारही टायरना हात लावून बघितला. सगळे सारखेच कोमट होते.