एका ओळीत मावलेली अनंत यादी

०, १, १, २, ३, ५, ८, १३… मागच्या दोन संख्या मिळवल्या की पुढची मिळते, ती ही फिबोनाची श्रेणी. हॅस्केल या फंक्शनल (म्हणजे कृतींऐवजी व्याख्यांनी प्रोग्राम लिहिण्याच्या) संगणक-भाषेत ती संपूर्ण लिहायला एक ओळ पुरते. देवनागरीत ती अशी दिसेल:

फिब = ० : १ : झिपविथ (+) फिब (टेल फिब)

यात लूप, म्हणजे तीच पावलं पुन्हा पुन्हा करायची सूचना नाही, मोजणीसाठी व्हेरिएबल नाही आणि कुठे थांबायचं हेही सांगितलेलं नाही. विसर्गासारखं दिसणारं चिन्ह यादीच्या पुढे एक संख्या जोडतं. ‘टेल’ पहिली संख्या वगळून उरलेली यादी देतं. ‘झिपविथ’ दोन याद्या शेजारी ठेवून जोडी-जोडीने बेरीज करतं. म्हणजे यादी ० आणि १ ने सुरू होते, आणि पुढचा सगळा भाग म्हणजे हीच यादी अधिक तिचंच एक घर सरकवलेलं रूप:

०, १, १, २, ३, ५…
१, १, २, ३, ५, ८…

वरखालच्या संख्या मिळवून पाहा: १, २, ३, ५, ८, १३.

यादी अजून तयारच झाली नाही, तर तिच्यातून बेरीज कशी करणार? हॅस्केल ‘लेझी’ आहे, म्हणजे मागितल्याशिवाय कोणतीही किंमत काढत नाही. पहिल्या दोन संख्या हातात असल्या की तिसरी निघते, ती निघाली की चौथी. पहिल्या शून्याला शून्यावी जागा दिली, तर शंभराव्या जागी ३५४२२४८४८१७९२६१९१५०७५ ही २१ अंकी संख्या येते. तेवढी मागितली की संगणक तिथवर जातो आणि थांबतो. काढलेल्या संख्या यादीत राहतात, त्यामुळे प्रत्येक बेरीज एकदाच होते. ‘आधीच्या दोन जागांची उत्तरं काढ आणि मिळव’ असं साधं फंक्शनही एका ओळीत लिहिता येतं, पण ते तीच उत्तरं पुन्हा पुन्हा काढत बसतं. शंभराव्या संख्येसाठी त्याला सेकंदाला अब्ज पावलं टाकूनही हजारो वर्षं लागतील.

मला ही ओळ आवडते, कारण तिच्यात कृती नाही, फक्त व्याख्या आहे. हीच व्याख्या आपल्या छंदशास्त्रात फिबोनाचीच्या आधीपासून आहे. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २; मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी एक मात्रा कमी भरायची, गुरू असेल तर दोन कमी. या दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. चार मात्रांचे ५ प्रकार, पाच मात्रांचे ८. बाराव्या शतकात हेमचंद्राने, आणि त्याच्याही आधी विरहांकाने हा नियम सांगितला होता.

मात्र ओळ सुंदर दिसली म्हणून ती आपण समजतो तेच करते, असं नाही. मूळ संख्यांसाठी हॅस्केलची एक प्रसिद्ध छोटी व्याख्या आहे: २ पासूनच्या यादीतली पहिली संख्या ठेवा, तिने भाग जाणाऱ्या गाळा, उरलेल्यांवर तेच करा. ही ‘एराटोस्थेनिसची चाळणी’, म्हणजे पटी खोडत मूळ संख्या शोधण्याची प्राचीन ग्रीक पद्धत, म्हणून वर्षानुवर्षं शिकवली गेली. संगणकशास्त्रज्ञ मेलिसा ओ’नील यांनी २००९ मध्ये ही ती चाळणी नव्हेच, असं दाखवून दिलं. खऱ्या चाळणीत १७ च्या पटी २८९ पासून, म्हणजे १७ च्या वर्गापासून खोडतात; त्याआधीच्या पटी लहान मूळ संख्यांनी खोडलेल्याच असतात. १९ कडे १७ कधी वळतही नाही. या व्याख्येत मात्र १९ ला २, ३, ५, ७, ११, १३ आणि १७ अशा सातही संख्यांनी भागून पाहिलं जातं. खरं तर १९ साठी २ आणि ३ ने भागून पाहिलं तरी पुरतं, कारण ५ चा वर्गच २५ होतो. अशा जादा भागाकारांमुळे संख्या वाढत जातात तशी ही व्याख्या, वर्गापाशी थांबणाऱ्या साध्या भागाकाराच्या पद्धतीपेक्षाही मागे पडते.

ओ’नील यांनी खरी चाळणीही हॅस्केलमध्येच लिहिली. कोणत्या मूळ संख्येची पुढची पट कधी येणार, याची नोंद प्रायॉरिटी क्यूमध्ये, म्हणजे सर्वांत लहान नोंद नेहमी आधी देणाऱ्या रांगेत ठेवली. तो प्रोग्राम एका ओळीत मावत नाही, पण धावतो फार वेगाने.