शब्दशोध, फिल्टर आणि पोस्टग्रेसचा जिन इंडेक्स

शब्दशोधाला जिल्ह्याची किंवा तारखेची अट जोडली की चांगली पळणारी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) रेंगाळते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यावरचा पहिला उतारा २००५ सालच्या ८.१ आवृत्तीत आला: दोन इंडेक्सचे (शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचींचे) बिटमॅप, म्हणजे जुळणाऱ्या ओळींचे नकाशे, काढून दोन्हींत असलेल्या ओळीच तेवढ्या उचलायच्या. पुढच्या वर्षी जिन आला, म्हणजे प्रत्येक शब्दापुढे तो असलेल्या ओळींची यादी ठेवणारा इंडेक्स; २००८ मध्ये शब्दशोध कोअरमध्ये, म्हणजे मूळ पोस्टग्रेसमध्ये, गेला.

खरा घोळ २००९ नंतरचा आहे आणि तो ‘मल्टिकॉलम’ या शब्दाचा आहे. ८.४ पासून जिनमध्ये अनेक कॉलम बसू लागले, बीट्री-जिन या एक्स्टेन्शनमुळे (वेगळ्या जोडायच्या पुरवणीमुळे) साधे आकडे आणि तारखाही. बी-ट्रीची, म्हणजे कॉलमच्या क्रमावर चालणाऱ्या नेहमीच्या इंडेक्सची, सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. जिनमध्ये कॉलमच्या क्रमाला महत्त्व नाही. जिल्हा क्रमांक घातला तर उत्तम, कारण मोजक्याच किमती आणि प्रत्येकीची एक यादी. तारीख-वेळ घातली तर प्रत्येक वेगळ्या क्षणाची वेगळी नोंद होते, आणि ‘गेला महिना’ म्हटलं की अशा हजारो याद्या गोळा कराव्या लागतात. वर जिन ओळी क्रमाने देतच नाही.

म्हणून ‘पाणी’ असलेल्या ताज्या २० नोंदी मागितल्या की प्लॅनरपुढे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागापुढे) दोनच वाटा उरतात: ‘पाणी’च्या सगळ्या ओळी आणून तारखेच्या क्रमाने लावायच्या, नाहीतर तारखेच्या इंडेक्सवरून मागे जात एकेक ओळ तपासायची. शब्द आणि तारीख यांचा एकमेकांशी संबंध नाही असं तो धरून चालतो. शब्द फक्त जुन्या नोंदींत असेल तर दुसरी वाट जवळजवळ अख्खं टेबल पालथं घालते.

यावरचा इलाज ९.४ च्या तयारीत मांडला गेला होता: यादीतच शब्दाचं स्थान वगैरे जादा माहिती ठेवायची. २०१४ मध्ये त्यातलं याद्यांचं कॉम्प्रेशन घेतलं गेलं, विरळ शब्दाच्या आधाराने मोठी यादी ओलांडण्याची युक्तीही घेतली गेली. जादा माहिती मात्र कोअरबाहेर राहिली. इंडेक्स फुगेल, लिहिणं मंदावेल ही भीती खोटी नव्हती. तरी ज्याला ती किंमत परवडते त्याला पर्याय म्हणून ती द्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

२०१६ च्या ९.६ मध्ये एक्स्टेन्शनला स्वतःचा इंडेक्स प्रकार आणता येऊ लागला आणि तीच कल्पना ‘रम’ नावाने परतली. त्यात शब्दाच्या यादीलाच तारीख जोडता येते. पण ते एक्स्टेन्शन आहे: होस्टिंगवाल्याने दिलं तरच मिळतं.