जोशी, मनोहर गजानन

(2 डिसेंबर 1937–23 फेब्रुवारी 2024). मुंबईतील शिक्षणसंस्थाचालक, शिवसेनेचे नेते, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व लोकसभेचे अध्यक्ष. जन्म रायगड जिल्ह्यातील नांदवी येथे, गरीब ब्राह्मण कुटुंबात. माधुकरी मागून शिकले, मुंबईत एम.ए., एलएल.बी. झाले आणि काही काळ महापालिकेत नोकरी केली.

दादरच्या ‘कोहिनूर’ संस्थेचा आरंभ सामान्यतः 1961 चा मानतात. वायरमन, प्लंबर, रेडिओ दुरुस्ती अशी हाताला काम देणारी शिकवणी हे तिचे वैशिष्ट्य. शिवसेना (स्थापना 1966) ज्या मराठी तरुणासाठी नोकऱ्या मागत होती, तोच या वर्गांत बाकावर बसत असे. जोशींच्या राजकीय उदयाचा हा धागा चरित्रपर लेखनात बहुधा निसटतो. पक्षात बाळासाहेब ठाकरे त्यांना ‘पंत’ म्हणत. इतरांसाठी मात्र ते मुख्यमंत्री झाल्यावरही ‘सर’च राहिले.

विधान परिषद (1972 पासून), मुंबईचे महापौरपद (1976–77) आणि 1990 मध्ये दादरमधून विधानसभा, असा क्रम आहे. ही 1990 ची निवडणूक कायद्याच्या अभ्यासकांना अधिक परिचित आहे. 24 फेब्रुवारी 1990 रोजी शिवाजी पार्कवरील सभेत, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, अशा आशयाचे विधान जोशींनी केले. धर्माच्या आधारे मते मागितल्याचा ठपका ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3) खाली हा ‘भ्रष्ट आचार’ असल्याचा ठपका कायम राहिला असता तर सहा वर्षांपर्यंतची अपात्रता संभवत होती. प्रश्न एवढाच नव्हता, कारण 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते. असे विधान कितीही निंद्य असले तरी ते केवळ आशा व्यक्त करते, उमेदवाराच्या धर्मावरून केलेले मतांचे आवाहन नव्हे, असे न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाने म्हटले व अपील मान्य केले. या निकालास ‘हिंदुत्व निकाल’ म्हणण्याची रूढी आहे. हिंदुत्व या संज्ञेची चर्चा मुख्यतः त्याच दिवशी निकाल लागलेल्या, शिवसेनेचे रमेश प्रभू यांच्या निवडणूक प्रकरणात आहे, त्यामुळे दोन्ही वेगळे वाचणे अधिक योग्य वाटते.

मुख्यमंत्री म्हणून (14 मार्च 1995–31 जानेवारी 1999) त्यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव मुंबई झाले, उड्डाणपूल व मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची कामे हाती घेतली गेली, झुणका-भाकर केंद्रे निघाली, 1992–93 च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये सरकारने नाकारला. पुण्यात प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे आरक्षण उठवून जावयाच्या बांधकामास वाट दिल्याचे प्रकरण त्यांना भोवले. उच्च न्यायालयाचा 1999 चा प्रतिकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम ठेवला. शिक्षणसंस्थाचालकाच्या चरित्रात शाळेचाच भूखंड यावा, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटले नाही.

1999 मध्ये लोकसभेवर निवडून येऊन ते अवजड उद्योगमंत्री झाले. जी. एम. सी. बालयोगी यांच्या अपघाती मृत्यूनंतर मे 2002 मध्ये लोकसभाध्यक्ष झाले. 2004 मध्ये पराभूत. 2006 ते 2012 राज्यसभेत. 2013 च्या दसरा मेळाव्यात शिवसैनिकांच्याच घोषणाबाजीमुळे त्यांना शिवाजी पार्कचे व्यासपीठ सोडावे लागले. अंत्यसंस्कारही शिवाजी पार्कच्याच स्मशानभूमीत झाले. पद्मभूषण (2025) मरणोत्तर.